पायाकडची जागा : एका लाईफ ड्रॉइंग गटातल्या गळतीचं प्रकरण

एक लाईफ ड्रॉइंगचा, म्हणजे समोरच्या नग्न मॉडेलवरून चित्र काढणाऱ्यांचा, गट आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ, अडीच तास. शिक्षक नाही, अभ्यासक्रम नाही, शेवटी प्रमाणपत्र नाही. भाड्याची खोली, मधोमध लाकडी चौथरा, वर एकच दिवा, भोवती अर्धगोलात डॉन्की (बोर्ड टेकवायची सोय असलेली, घोड्यासारखं पाय टाकून बसायची बाकं) आणि ईझल. खोलीचं भाडं आणि मॉडेलचं मानधन हजर असतील त्यांनी वाटून द्यायचं. असे गट जगभर आहेत आणि त्यांची घडी थोड्याफार फरकाने हीच असते.

या गटाचं दुखणं असं, की नवे लोक येत आणि टिकत नसत. एकदा येत, दुसऱ्यांदा येत, तिसऱ्यांदा काहीतरी कारण कळवत, मग कळवणंही बंद. जुने दहा-बाराजण मात्र वर्षानुवर्षं ठाण मांडून. वरवर पाहता यात बिघडलं काय? बिघडतं हिशेबात. मॉडेलचं मानधन माणसं किती आली त्यावर ठरत नाही, त्यामुळे हजेरी घटली की माणशी वर्गणी चढते आणि वर्गणी चढली की हजेरी आणखी घटते. जुन्यांपैकी कुणाची बदली होते, कुणाचे गुडघे जातात, कुणाच्या घरी बाळ येतं. वरून भर पडली नाही तर गट दोन-चार वर्षांत आटतो.

मी या गटातल्या जुन्यांपैकीच, तेव्हा हे लिखाण त्रयस्थाचं नाही. तरी लिहून ठेवतो आहे, कारण आम्ही सगळे ज्या दिशेला उत्तर शोधत होतो तिथे ते नव्हतं आणि जिच्याकडे होतं तिला आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळ कशी जाते

आधी एकेक मिनिटाच्या पोझ, आठ-दहा. मग दोन मिनिटांच्या, पाच मिनिटांच्या, एखादी दहाची, एखादी वीसची. मध्यंतर. त्यानंतर चाळीस मिनिटांची लांब पोझ, वीस मिनिटांनी मॉडेलला विश्रांती देऊन दोन भागांत. उतरण्याआधी पावलांच्या, कोपराच्या, बूडाच्या कडेने चौथऱ्यावर चिकटपट्टी लावायची, म्हणजे परत येऊन नेमकं तिथेच बसता येतं.

हा क्रम काही लहर म्हणून पडलेला नाही. छोट्या पोझमध्ये चित्रकाराचा हात सैल होतो हे खरं, पण अर्धं कारण मॉडेलच्या शरीरात आहे. कंबरेतून पिळलेलं धड, वर उचललेले हात, एका पायावर सगळा भार, हे मिनिटभर होतं, वीस मिनिटं होत नाही. हात खांद्याच्या वर धरले की थोड्याच वेळात बोटांना मुंग्या येतात. गुडघे ताठ ठेवून बराच वेळ उभं राहिलं तर रक्त पायात साचून चक्कर येऊ शकते. म्हणून जोरकस पोझ छोटी आणि लांब पोझ बसलेली किंवा निजलेली. निजलेली हा शब्द ध्यानात ठेवावा, पुढे त्यावरच सगळं येणार आहे.

नियमही ठरलेले. फोटो काढायचा नाही. पोझ चालू असताना दार उघडायचं नाही, उशीर झाला तर बाहेर थांबायचं. मॉडेलला हात लावायचा नाही, पोझ सांगायची ती तोंडाने. तिच्या शरीराविषयी शेरा नाही, चांगलाही नाही. मध्यंतरात ती गाऊन घालून चौथऱ्यावरून उतरली की इतर कुणाहीसारखी एक माणूस. या नियमांवर आमच्यात कधी दुमत झालं नाही.

आमचं निदान

जुन्यांना विचारलं की प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं.

पहिलं उत्तर, नग्नतेचा संकोच. हे बाहेरच्या माणसाला पटकन पटतं आणि साफ चूक आहे. संकोच दारापर्यंत असतो. पहिल्या पोझची घंटा वाजली की समोर काय आहे यापेक्षा डावा खांदा उजव्यापेक्षा किती खाली आहे याची चिंता लागते, आणि ती चिंता माणसाला पुरून उरते. संकोचाने जाणारा पहिल्याच मध्यंतरात जातो किंवा येतच नाही. आमचे लोक दोन-तीनदा येऊन जात होते.

दुसरं उत्तर, वर्गणी. म्हणून पहिली संध्याकाळ फुकट केली. पहिल्या संध्याकाळी येणारे वाढले, तिसऱ्या संध्याकाळी येणारे तितकेच राहिले.

तिसरं, नव्यांना जुन्यांचं दडपण येतं. मग नवख्यांची वेगळी संध्याकाळ सुरू केली. ती काही महिन्यांत बंद पडली, आणि ती बंद पडण्यात शिकण्यासारखं होतं. लाईफमध्ये माणूस निम्मं शेजाऱ्याच्या बोर्डावरून शिकतो. तीच पोझ, जवळपास तीच जागा, आणि शेजारच्याने चेहऱ्याला हातच लावलेला नाही, मानेच्या खळगीपासून घोट्यापर्यंत एक रेघ सोडली आहे आणि बाकी सगळं तिच्यावर टांगलं आहे. हे पाहायला मिळालं की दहा व्याख्यानांची गरज उरत नाही. खोलीत सगळेच नवखे असले तर सगळे चेहऱ्यापासून सुरू करतात, सगळ्यांचं डोकं मोठं होतं, सगळ्यांचे पाय कागदाबाहेर जातात आणि कुणालाच त्यात वावगं दिसत नाही.

चौथा उपाय आमच्या काकांचा. काका निवृत्त आरेखक. हात असा, की चारकोलची कांडी त्यांच्या बोटात आली की ती जणू स्वतःच ठरवते कुठे जायचं ते. त्यांनी नव्यांकडे लक्ष द्यायची जबाबदारी घेतली. मागे उभे राहत, थोडा वेळ पाहत आणि मग, "हे बघा, पेल्व्हिस असा कलतोय," म्हणत समोरच्याच्या कागदावर कोपऱ्यात दोन रेघा ओढून दाखवत. रेघा अचूक असत. एकदा मी पाहिलं, काका पुढे सरकल्यावर त्या मुलीने त्या दोन रेघा रबराने पुसल्या आणि पुसलेल्या जागी कागद काळवंडला म्हणून पूर्ण पानच उलटलं. ती पुन्हा आली नाही. काकांचा हेतू चांगला होता, पण ज्यांना शिक्षक हवा असतो ते क्लास लावतात. इथे येणारा माणूस शिक्षक नसलेली खोली शोधत आलेला असतो.

बैठक

वर्षातून एकदा हिशेबाची बैठक होते. मॉडेलला तिथे बोलावण्याची पद्धत नव्हती. त्या वर्षी मानधन वाढवण्याचा आणि चौथऱ्याजवळच्या हीटरचा विषय होता, म्हणून आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा येणाऱ्या ताईंना बोलावलं. दोन्ही विषय दहा मिनिटांत मिटले. मग नेहमीप्रमाणे गळतीचं रडगाणं सुरू झालं: लोकांना चिकाटी नाही, सगळ्यांना झटपट हवं असतं, वगैरे.

ताई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मी बोलू का? तुम्ही सगळे कागदाकडे बघत असता. मला चाळीस मिनिटं तुमच्याशिवाय बघायला काही नसतं."

"बोला ना."

"जो परत येणार नाही, तो मला त्याच दिवशी कळतो."

काका हसले. "चेहऱ्यावरून?"

"नाही काका. कुठे बसलाय त्यावरून. माझ्या पायाकडे बसलेला असतो."

बैठकीत थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग संयोजकांनी विचारलं, पायाकडेच का? ताईंनी खांदे उडवले. "तुम्ही लोक लवकर येता ना. चांगल्या जागा जातात. उरते ती तीच."

पायाकडे बसलं की काय होतं

निजलेलं शरीर बाजूने पाहिलं तर लांबच लांब दिसतं. डोकं, बरगड्या, कंबर, मांडी, पोटरी, सगळे भाग ओळीने मांडलेले. उभ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोकी, हे माप आडवं करून लावता येतं. पेन्सिल हात ताठ करून धरा, एक डोळा मिटा, डोक्याची लांबी अंगठ्याने पेन्सिलवर पकडा आणि मोजत जा. नवख्याचंही चित्र बऱ्यापैकी माणसासारखं होतं.

पायाकडून पाहिलं की हे सगळं मोडतं. समजा तुम्ही चौथऱ्यापासून असे बसला आहात की पाऊल दीड मीटरवर आहे आणि डोकं तीन मीटरवर. मोठ्या माणसाच्या पावलाची लांबी आणि डोक्याची उंची यांत फार फरक नसतो. पण पाऊल निम्म्या अंतरावर असल्याने उभा तळवा डोक्याच्या दुप्पट मोठा दिसतो. पोटऱ्या जवळजवळ नाहीशा होतात, मांड्या म्हणजे दोन गोल, पोटाच्या उंचवट्यामागे छाती बुडते आणि अगदी वर हनुवटीचा खालचा भाग आणि दोन नाकपुड्या. डोळ्यांना हे दिसतं, मन मात्र मानायला तयार नसतं. पाय लांब असतात हे आपल्याला जन्मापासून ठाऊक, म्हणून हात त्यांना लांब काढतो. मग चित्रातला माणूस निजलेला राहत नाही, घसरगुंडीवरून खाली येत असल्यासारखा दिसतो.

हे फोरशॉर्टनिंग, म्हणजे आपल्याकडे टोक करून असलेली लांबी आखूड दिसणं, भल्याभल्यांना छळतं. इटालियन चित्रकार आंद्रेआ मांतेन्याचं पायाकडून पाहिलेल्या मृत ख्रिस्ताचं चित्र मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात आहे, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. या कोनाचं उदाहरण म्हणून तेच दाखवलं जातं. त्यातही पावलं हिशेबाने यायला हवीत त्याहून लहान आणि डोकं मोठं आहे. हिशेबाने काढली असती तर सगळ्या चित्रावर तळवेच राज्य करून बसले असते. मांतेन्याने जिथे तडजोड केली, तिथे आम्ही दर आठवड्याला दुसऱ्यांदा चारकोल हातात धरणाऱ्याला बसवत होतो. त्यात त्या टोकाला दिव्याचा उजेड सरळ समोरून पडे, म्हणजे सावल्याही नाहीत, घडण कळायला काही आधारच नाही.

आणि त्याला कुणी सांगत नव्हतं की ही जागा अवघड आहे. त्याला वाटे, मलाच येत नाही. मध्यंतरात उठून बाकीचे बोर्ड पाहिले की खात्रीच पटे.

हजेरीची वही होती, पण कोण कुठे बसलं याची नोंद नव्हती. त्यामुळे ताईंचं म्हणणं आकड्यांनी तपासता येईना. संयोजकांनी सोपा मार्ग काढला. पुढच्या आठवड्यात निजलेली पोझ ठेवली आणि काकांना पायाकडे बसवलं. काकांनी तीन कागद फाडले. चौथ्यावर काहीतरी जमलं, तेव्हा घंटा वाजली. "इतकी वर्षं येतोय," ते म्हणाले, "इथून कधी बघितलंच नव्हतं." यानंतर वाद घालायला कुणी उरलं नाही.

जागेचं महत्त्व आमच्याच लक्षात उशिरा आलं, जुन्या कलाशाळांना ते पक्कं ठाऊक होतं. पॅरिसच्या एकोल दे बोझारमध्ये लाईफच्या वर्गात बसायच्या जागांसाठी स्पर्धा घेतल्या जात आणि निकालाच्या क्रमाने जागा निवडायला मिळे. क्रूर पद्धत, पण निदान उघड. आमच्याकडेही क्रमवारी होतीच, फक्त ती लवकर येण्याच्या सवयीत लपलेली होती. सदस्यत्व आणि खोलीतली जागा या दोन गोष्टी किती वेगळ्या असू शकतात याचा नमुना लंडनच्या रॉयल अकादमी या कलावंतांच्या संस्थेत सापडतो. १७६८ साली ती स्थापन झाली तेव्हा संस्थापक सदस्यांत अँजेलिका काउफमन आणि मेरी मोझर या दोन बायका होत्या. पुढे १७७१-७२ मध्ये योहान झोफनीने सदस्यांचं समूहचित्र काढलं, नग्न मॉडेलभोवती जमलेले. बायकांनी तिथे असणं तेव्हा शोभणारं नव्हतं, म्हणून या दोघी चित्रात भिंतीवर टांगलेल्या तसबिरी म्हणून आल्या. सदस्य पक्क्या, खोलीत मात्र नाहीत. आमच्या नव्यांना आम्ही दारात हसून या म्हणत होतो, वर्गणी घेत होतो आणि बसवत होतो पायाशी.

चिठ्ठ्या

बदल तीन केले.

पहिला, जागा चिठ्ठीने. डॉन्कींना क्रमांक दिले, डब्यात चिठ्ठ्या. यावर जितकी कुरकुर झाली तितकी वर्गणीवाढीवर कधी झाली नव्हती. एकाचा डावा हात चालतो, त्याला उजव्या टोकाला बसलं की स्वतःचंच कोपर आडवं येतं. एका बाईंच्या गुडघ्यांना डॉन्की चालत नाही, खुर्चीच लागते. हे रास्त होतं. पण सवलत दिली म्हटल्यावर प्रत्येकाला आपली अडचण आठवली: कुणाला उजेड, कुणाला खिडकीची हवा, कुणाला पोझ ‘तीन चतुर्थांश’मधूनच, म्हणजे समोर आणि बाजू यांच्या मधल्या कोनातूनच, सुचते. महिनाभरात सवलतींची यादी चिठ्ठ्यांपेक्षा लांब झाली. मग संयोजकांनी सगळ्या रद्द केल्या आणि शरीराच्या अडचणीपुरत्या ठेवल्या. सुचण्या-न सुचण्याला सवलत नाही.

निजलेल्या पोझपुरता मात्र एक अपवाद, उलट्या बाजूचा. त्या दिवशी पायाकडच्या दोन जागा डब्यातच टाकायच्या नाहीत, तिथे जुन्यांनी पाळीपाळीने बसायचं. कोण बसणार ते आधीच्या आठवड्यात सांगितलं जातं. गंमत अशी, की आता त्या जागेची काहींना चटक लागली आहे.

दुसरा बदल फळ्यावर पोझची यादी लिहायचा. किती मिनिटांची, किती वेळा, मध्यंतर कधी. हा इतका क्षुल्लक की सांगायची लाज वाटते, पण जुन्यांना क्रम पाठ असतो आणि नव्याला समोरची पोझ एका मिनिटात मोडणार आहे की वीस, हेच ठाऊक नसतं. तो डोळे रेखत बसतो आणि मॉडेल वळते. यादीबरोबरच सुरुवातीला एक पाच मिनिटांची पोझ घातली, एक-एक मिनिटाच्या आधी. शास्त्रशुद्ध क्रम मानणाऱ्यांना ती अजून खटकते. तिचा उपयोग एवढाच, की नवा माणूस बोर्डला क्लिपा लावून, कांडी मोडून, बूड टेकवून तयार होईपर्यंत त्याच्या आठ पोझ वाहून जात नाहीत.

तिसरा बदल मध्यंतरातला. आधी जुने एकमेकांच्या बोर्डामागून फिरत आणि दाद देत. नवा आपला बोर्ड भिंतीकडे तोंड करून ठेवत असे. आता ज्यांना दाखवायचं ते छोट्या पोझचे कागद जमिनीवर पोझच्या क्रमाने मांडतात, म्हणजे एकाच पोझची सगळी चित्रं शेजारी-शेजारी येतात. कुणी विचारल्याशिवाय सुधारणा सुचवायची नाही आणि दुसऱ्याच्या कागदावर रेघ ओढायची नाही. एका मिनिटाच्या चित्रांत जुना-नवा फरक चाळीस मिनिटांच्या चित्रांइतका दिसत नाही. सगळ्यांचीच अर्धी फसलेली असतात. काकांना हा नियम आपल्याला उद्देशून आहे हे कळलं आणि ते दोन आठवडे आले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात आले. हल्ली लोकच त्यांना विचारतात, "काका, जरा बघता का?" मग ते स्वतःच्या वहीत काढून दाखवतात.

पुढे

नवे टिकू लागले आहेत. सगळे नाहीत, काहींना लाईफ आवडतच नाही, आणि ते ठीकच आहे. हजेरी वाढल्याने माणशी वर्गणी थोडी उतरली. एक जुने सदस्य चिठ्ठ्यांवरून गट सोडून गेले. पंधरा वर्षं एकाच खिडकीपाशी बसलेल्या माणसाला डब्यात हात घालायला सांगणं अपमानकारक वाटू शकतं, हे मला समजतं. तरी त्यांच्यासाठी नियम मोडायला हवा होता असं मला वाटत नाही.

एक गाठ सुटलेली नाही. गटातले दोघे-तिघे तैलरंगात काम करतात. त्यांना तीच पोझ दोन-तीन आठवडे चालावी असं वाटतं, आणि रंगकाम करायचं तर ते हवंच. पण लांबवलेल्या पोझला तीच जागा लागते, दर आठवड्याला चिठ्ठी काढली तर चित्र पुरं होणार नाही. जमिनीवर चिकटपट्टीने जागा राखल्या तर दुसऱ्या आठवड्यात नव्याने येणाऱ्याला पुन्हा उरलेलीच जागा, आणि उरलेली जागा कुठली असते ते आता सगळ्यांना माहीत आहे. सध्या लांबवलेली पोझ बसलेलीच घ्यायची, निजलेली नाही, असं तात्पुरतं ठरवलं आहे. बसलेल्या पोझला पायाकडचं टोक नसतं. मागची बाजू असते, पण पाठ काढायला उलट सोपी आणि बऱ्याच जणांना आवडते. रंगवाले यावर खूश नाहीत. ताईंचं म्हणणं, तीन आठवडे एकाच बाजूला कलून बसणं त्यांच्या कंबरेला झेपेल का हे आधी त्यांना विचारा.

विषय पुढच्या बैठकीत आहे. बैठकीला ताईंना बोलावलं आहे आणि त्या वेळेचं मानधनही हिशेबात धरलं आहे.